बकलावा जगभर गेला, चिरोटे डब्यातच राहिले : पदरांची गोष्ट

(पॉडकास्टच्या या भागाचं हे लिखित रूप. बोलण्यातले 'म्हणजे', 'ॲक्च्युअली' बरेच गाळलेत, बाकी गप्पा जशाच्या तशा. ऐकायला साधारण वीस मिनिटं लागतात, वाचायला त्याहून कमी.)

मागच्या दोन भागांत आपण यूपीआय आणि बॅटरी असे कोरडे विषय घेतले, म्हणून आज गोड विषय. तुमच्या फीडमध्ये गेल्या दोन वर्षांत एक रील नक्की येऊन गेलंय : जाड चॉकलेटची वडी मोडली जाते, आतून हिरवागार पिस्त्याचा लगदा ओघळतो आणि कुरुमकुरुम आवाज येतो. तेच ते दुबई चॉकलेट. सारा हमूदा नावाच्या बाईंनी २०२१ मध्ये दुबईत ते सुरू केलं, २०२३ च्या अखेरीस एका टिकटॉक व्हिडिओनंतर ते जगभर पोचलं. त्यातला कुरकुरीत भाग म्हणजे कुनाफ्याच्या शेवया. आणि या कुनाफ्याचा थोरला, जास्त मानाचा भाऊ म्हणजे बकलावा.

आज पुण्या-मुंबईत, अगदी छत्रपती संभाजीनगरातसुद्धा, दिवाळीचे कॉर्पोरेट गिफ्ट बॉक्स बकलाव्याचे असतात. मला यात एक प्रश्न छळतो. पातळ पदर, भरपूर तूप, वरून साखर, ही आयडिया आपल्याकडे नव्हती का? होती की! चिरोटे आहेत, साट्याच्या करंज्या आहेत. मग तुर्कस्तानातला बकलावा न्यूयॉर्कच्या दुकानात आणि आपले चिरोटे स्टीलच्या डब्यात, हे कसं झालं? आजचा भाग त्यावर.

बकलावा म्हणजे नेमकं काय

कागदासारख्या पातळ पोळ्या. तुर्की भाषेत त्यांना युफ्का म्हणतात, ग्रीक त्यांना फिलो म्हणतात. फिलो म्हणजे पान. चांगल्या कारागिराची पोळी इतकी पातळ की खाली वर्तमानपत्र ठेवलं तर अक्षरं दिसावीत. परातीत एकावर एक पोळ्या अंथरायच्या, मध्ये बारीक केलेला पिस्ता किंवा अक्रोड, वर पुन्हा पोळ्या. एकूण पदर साधारण चाळीसच्या घरात. मग कच्चा असतानाच सुरीनं तुकडे पाडायचे, वितळलेलं तूप ओतायचं, भट्टीत भाजायचं आणि बाहेर आल्यावर साखरेचा पाक.

इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्याच्या मुदपाकखान्याच्या वहीत १४७३ साली बकलावा केल्याची नोंद आहे. तेव्हा सुलतान होता मेहमद दुसरा, इस्तंबूल जिंकणारा. पुढे तर तो सरकारी समारंभच झाला. रमजानच्या पंधराव्या दिवशी सुलतानाच्या मुदपाकखान्यातून जानिसारी सैनिकांना बकलावा वाटला जायचा : दर दहा सैनिकांमागे एक परात. सैनिक राजवाड्यात येऊन परात उचलायचे आणि वाजतगाजत आपल्या छावणीत न्यायचे. याला 'बकलावा मिरवणूक' म्हणत. १८२६ मध्ये जानिसारी फौजच बरखास्त झाली आणि मिरवणूकही संपली. पण तोवर तीनेकशे वर्षं एका राजवाड्यानं पगारी कारागीर ठेवून हा पदार्थ घासूनपुसून पक्का करून घेतला होता. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग तो कुणाचा?

या प्रश्नावर लोक खरंच भांडतात. २००६ मध्ये युरोप दिनाच्या एका कार्यक्रमाच्या पोस्टरवर बकलावा हा सायप्रसचा म्हणून दाखवला, तर तुर्की बकलावावाले इस्तंबूलमध्ये रस्त्यावर उतरले. ग्रीक म्हणतात आमचा, लेबनीज म्हणतात आमचा, आर्मेनियन म्हणतात आमचा, अझरबैजानात बाकूचा वेगळाच प्रकार आहे.

इतिहास बघितला तर सगळ्यांकडे थोडाथोडा पुरावा सापडतो. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात रोमन लेखक केटोनं शेतीवरच्या पुस्तकात 'प्लासेंटा' नावाचा पदार्थ दिलाय : पिठाचे पदर, मध्ये चीज आणि मध. तुर्की लोक मध्य आशियात भटकत असताना तव्यावर पातळ पोळ्या भाजून थर लावायचे. आणि १२२६ साली बगदादमध्ये लिहिलेल्या एका अरबी पाककृतींच्या पुस्तकात 'लौझीनज' आहे : पातळ पोळीत बदामाचं सारण आणि वरून पाक. अरबीत लौझ म्हणजे बदाम.

आता आपल्या भागातल्या लोकांनी कान टवकारावेत. हैदराबादी मिठाईत 'बदाम की लौज' असते, माहितीये? तोच शब्द. जालना १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. म्हणजे बगदादच्या पुस्तकातला शब्द दख्खनपर्यंत आला, पण त्याच्या वाटेत पातळ पोळी गळून पडली आणि बदामाची वडी तेवढी उरली. शब्द प्रवास करतात, पदार्थ वाटेत बदलतात. एकाच रेपॉझिटरीतून दहा जणांनी फोर्क घेतला आणि प्रत्येकानं आपापल्या गावात वेगळं डेव्हलप केलं. मूळ मालक शोधत बसण्यात फार अर्थ नाही.

आपल्याकडचे पदर

आपल्याकडे पातळ पोळीची परंपरा जुनी आहे, आणि तिचा पुरावा लेखी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा यानं बाराव्या शतकात 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. त्यात राजाच्या जेवणावर एक अख्खा भाग आहे आणि त्यात 'मंडक' आहे, म्हणजे आपले मांडे. ही कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, बीदर जिल्ह्यात. मराठवाड्याच्या शेजारचंच घर.

मांडे म्हणजे हातावर फिरवत फिरवत रुमालासारखी मोठी केलेली पोळी, उलट्या खापरावर भाजायची. बेळगावचे मांडे आजही प्रसिद्ध आहेत. मुक्ताबाईला मांडे करायचे होते, विसोबांनी कुंभाराकडून खापर मिळू दिलं नाही आणि मग ज्ञानेश्वरांच्या पाठीवर मांडे भाजले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. आणि जो पदार्थ करायला इतका अवघड, त्यावरून 'मनातले मांडे' हा शब्दप्रयोग आला. मनात खाणं सोपं, खापरावर करणं कठीण.

पण पदरांवर पदर हा प्रकार बघायचा तर चिरोटे. दिवाळीत, लग्नाच्या रुखवतात. कर्नाटकात हेच चिरोटी म्हणून लग्नाच्या पंगतीत वाढतात, वर पिठीसाखर आणि बदामाचं दूध. ओडिशात पुरीला जगन्नाथाच्या प्रसादात खाजा असतो, बिहारात सिलावचा खाजा. आणि सुकामेवा भरलेली पदरांची मिठाई हवी असेल तर साट्याची करंजी : वरचं कवच पदर सुटलेलं, आत खोबरं, खसखस, काजू-बदामाचं सारण. बकलाव्याची सख्खी नाही म्हणता येणार, पण चुलत बहीण नक्की.

गोव्याचं उदाहरण वेगळं आहे. बेबिंका : नारळाचं दूध, अंड्यातला पिवळा बलक, साखर, थोडं पीठ, तूप. एक थर ओतायचा, भाजायचा, त्यावर तूप, मग दुसरा थर. सात थर तर हवेतच, सोळापर्यंतही जातात. पारंपरिक पद्धतीत भांड्याच्या झाकणावर सोडणांचे निखारे ठेवून वरून भाजायचं. एका बेबिंक्याला अख्खी दुपार जाते.

पदर सुटतात कसे? थोडं इंजिनिअरिंग

हा माझा आवडता भाग. कंटाळा आला तर पुढे ढकला, पण ढकलू नका.

पिठात पाणी घालून मळलं की ग्लूटेनची जाळी तयार होते. दोन पोळ्या नुसत्या एकावर एक ठेवून लाटल्या तर या जाळ्या एकमेकींना चिकटतात आणि एकच जाड पोळी होते. पदर हवे असतील तर मध्ये काहीतरी असं हवं जे जाळी जुळू देणार नाही. ते म्हणजे तूप. तापल्यावर पोळीतल्या पाण्याची वाफ होते. पाण्याची वाफ झाली की आकारमान दीड हजार पटींहून जास्त वाढतं. तिला बाहेर पडायला जागा हवी असते, ती दोन पदरांना ढकलून वेगळं करते. तोवर पीठ तापून कडक झालं की पदर तसेच उभे राहतात.

मराठी स्वयंपाकघरात तुपाच्या दोन जागांना दोन शब्द आहेत. पिठात गरम करून घालतो ते मोहन. पदरांमध्ये लावतो तो साटा. मोहनानं पोळी खुसखुशीत होते, साट्यानं पदर सुटतात. एक आतला डिपेंडन्सी, एक दोन लेयरमधला इंटरफेस. इतका नेमका फरक करणारे दोन सुटसुटीत शब्द आपल्याकडे आधीपासून आहेत याचा मला भारी अभिमान वाटतो.

साटा म्हणजे नुसतं तूप नव्हे. घट्ट तूप आणि तांदळाची पिठी, हलकं पांढरं होईपर्यंत फेसायचं. झाला की नाही ते कसं कळतं? चिमूटभर साटा वाटीभर पाण्यात टाकायचा. तरंगला की झाला, कारण आत हवा भरली गेली. तांदळाची पिठीच का? कारण तांदळात ग्लूटेन नाही. ती तुपाला जागेवर धरून ठेवते आणि स्वतः पोळीला चिकटत नाही. आता गंमत ऐका. बकलाव्याचा कारागीर एकदम दहा-बारा पोळ्या एकावर एक ठेवून लांब, काठीसारख्या लाटण्यानं लाटतो. त्या चिकटू नयेत म्हणून मध्ये काय भुरभुरतो? गव्हाचा स्टार्च, म्हणजे ज्यातलं ग्लूटेन काढून टाकलंय असं पीठ. हजारो किलोमीटर अंतरावर, एकमेकांना न विचारता, दोन स्वयंपाकघरांनी एकच उत्तर काढलं.

पदर बनवायच्या पद्धती मात्र तीन आहेत. पहिली, घडी घालायची. फ्रेंच पफ पेस्ट्रीत लोण्याचा थर पिठात गुंडाळून तिहेरी घडी घालतात, अशा सहा वेळा. तीनचा सहावा घात, ७२९ पदर. दुसरी, रचायची. बकलावा. चाळीस पदर हवे तर चाळीस पोळ्या लाटा, शॉर्टकट नाही. तिसरी, गुंडाळायची. चिरोटे. तीन पोळ्यांना साटा लावून एकावर एक ठेवायच्या, घट्ट वळकटी करायची आणि तुकडे पाडायचे. वळकटीला पाच वेढे बसले तर मधोमधपासून कडेपर्यंत तीन गुणिले पाच, पंधरा पदर. तीन पोळ्यांत पंधरा पदर! घरात एकटी बाई संध्याकाळच्या आत करू शकेल असा अल्गोरिदम आहे हा. राजवाड्यात पन्नास जण लाटायला होते, इथे नव्हते.

आणि तळताना आच मंद का? आच मोठी असेल तर बाहेरचा पदर आधी कडक होतो, आतली वाफ त्याला ढकलू शकत नाही, फूल उमलतच नाही. अगदीच कमी असेल तर साटा वितळून कढईत उतरतो आणि चिरोटे तूप पितात. मधल्या आचेवर झाऱ्यानं मधोमध तूप उडवत राहायचं, की पाकळ्या उघडतात.

मग बकलावाच का गेला?

मला चार कारणं दिसतात.

एक, राजवाडा. मघाशी म्हटलं तसं, पगारी कारागीर, ठरलेली पद्धत, वर्षानुवर्षं तेच काम. राजवाड्याबाहेर त्याची दुकानं झाली. गाझिआंतेप शहरातल्या काही दुकानांचा इतिहास एकोणिसाव्या शतकापर्यंत मागे जातो. वडील कारागीर, मुलगा शिकाऊ, मग कारागीर. चिरोट्यांचं ज्ञान मात्र आईकडून मुलीकडे, सुनेकडे गेलं, पगाराशिवाय. त्याला कुणी धंदा म्हटलं नाही.

दोन, प्रवास. पाक हा इथे नुसता गोडवा नाही. तो पदरांना एकत्र धरतो, आणि साखर पाणी अडकवून ठेवते म्हणून पदार्थ टिकतो. दाट, चौकोनी, बॉक्समध्ये घट्ट बसणारा तुकडा. विमानात टाका, काही होत नाही. आता चिरोट्याचं बघा. त्याचं सौंदर्यच उमललेल्या पाकळ्यांत. कुरिअरमध्ये पाठवला की पलीकडे चुरा. पुण्या-मुंबईतून दरवर्षी फराळाची पार्सलं अमेरिकेला, लंडनला जातात. चकली, शंकरपाळे, लाडू सुखरूप पोचतात, चिरोट्यांच्या डब्यात मात्र अर्धी पिठी असते.

तीन, दुकानदार. तुर्की, लेबनीज, ग्रीक, आर्मेनियन, सीरियन माणसं परदेशी गेली आणि त्यांतल्या अनेकांनी बेकरी आणि खानावळी काढल्या. पदार्थ गिऱ्हाइकासमोर रोज काचेत दिसला. मराठी माणसं परदेशी गेली ती मुख्यतः नोकरीला. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ सालचं आहे, तिथे गणपती होतो, दिवाळी होते, पण चिरोटे घरच्यांपुरते आणि मंडळापुरतेच राहिले. आपल्या पदार्थाला परक्या माणसानं चव घ्यावी अशी खिडकीच उघडली गेली नाही.

चार, कॅलेंडर. बकलावा बारमाही. चिरोटे दिवाळीत आणि लग्नात. वर्षातून चार दिवस विकला जाणारा पदार्थ दुकानाचं भाडं काढू शकत नाही.

नावाला कुंपण

गाझिआंतेपनं आणखी एक काम केलं. २०१३ मध्ये 'आंतेप बकलावा' या नावाला युरोपीय संघात भौगोलिक संरक्षण मिळालं, आणि असं संरक्षण मिळवणारं ते पहिलं तुर्की उत्पादन. म्हणजे पिस्ता आंतेप भागातला, पोळी अमुक पातळ, पद्धत अमुक, तरच ते नाव लावायचं. तिथे पिस्ता पूर्ण पिकायच्या आधी, हिरवा असताना तोडतात. रंग आणि वास त्यातून येतो. पुढे २०१५ मध्ये युनेस्कोनं या शहराला खाद्यसंस्कृतीच्या सर्जनशील शहरांच्या यादीत घेतलं.

आपल्याकडे हेच काम जीआय करतं. जालनेकरांना हे समजवायला नको, आपल्या मोसंबीला २०१६ मध्ये जीआय मिळालाय. दुसऱ्या कुठल्या जिल्ह्यातली मोसंबी 'जालन्याची' म्हणून विकता येत नाही. याचा कायदा १९९९ चा, अंमलात आला २००३ पासून. नोंदणी दहा वर्षांची, मग नूतनीकरण. मिठायांमध्ये सिलावच्या खाज्याला २०१८ मध्ये आणि गोव्याच्या बेबिंक्याला २०२३ मध्ये जीआय मिळाला.

मग चिरोट्यांना जीआय घ्या की, असं कुणी कॉमेंटमध्ये लिहीलच. पण जीआय गावाला मिळतो : या मातीचा, या पाण्याचा, या गावच्या पद्धतीचा गुण. चिरोटे एका गावाचे नाहीतच. कोकणात होतात, देशावर होतात, मराठवाड्यात होतात, धारवाडातही होतात. सगळ्यांचा असलेल्या पदार्थाला कुंपण घालता येत नाही. त्याला वाचवायची दुसरी वाट आहे : कृती नीट लिहून ठेवणं, आणि करणाऱ्या हाताला मोल देणं.

लिहून ठेवण्याची आपली परंपराही लहान नाही. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं 'सूपशास्त्र' १८७५ चं. कमलाबाई ओगल्यांच्या 'रुचिरा'नं वाटी-चमच्याचं नेमकं माप देऊन कित्येक नव्या संसारांना स्वयंपाक शिकवला. पण प्रत्येक घराचा साटा वेगळा, तो कुठल्या पुस्तकात असणार?

मावशीचा साटा

आता थोडं घरचं. माझी मावशी जुन्या जालन्यातच राहते, गांधी चमनपासून चालत जाण्याच्या अंतरावर. बारा-तेरा वर्षं ती दिवाळीच्या ऑर्डरी घेते. तिचे साट्याचे चिरोटे म्हणजे दुसऱ्या घासाला माणूस गप्प होतो. दोन वर्षांपासून तिचं मनगट दुखतं. लाटणं धरवत नाही, साटा फेसताना मध्येच थांबावं लागतं. मागच्या दिवाळीत तिनं निम्म्या ऑर्डरी नाही म्हणून सांगितल्या. तिच्या दोन्ही मुली बाहेरगावी नोकरीला, त्यांना येतं पण अंदाज नाही. म्हणजे हे ज्ञान एका मनगटावर उभं आहे. आमच्या भाषेत सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर, बॅकअप नाही.

म्हणून मी किचनचा वजनकाटा घेऊन तिच्या ओट्याशी उभा राहिलो. "कामून मोजतो रे? हाताला कळतं ना," ती म्हणाली. मी म्हटलं, "मावशी, तुझ्या हाताला कळतं. माझ्या हाताला नाही कळत." मग ती हसली आणि प्रत्येक मुठीनंतर थांबायला लागली.

निघालेलं माप असं. पाव किलो मैदा, त्यात दोन मोठे चमचे बारीक रवा, दोन मोठे चमचे तुपाचं कडकडीत मोहन, चिमूट मीठ. दुधा-पाण्यात पुरीपेक्षा घट्ट मळायचं, अर्धा तास झाकून ठेवायचं. साट्याला साठ ग्रॅम घट्ट तूप आणि पंचेचाळीस ग्रॅम तांदळाची पिठी. तीन पोळ्यांचा एक संच. वळकटीत हवा राहू द्यायची नाही. तुकडा बोटाच्या एका पेराएवढा. लाटताना मधोमध हलका दाब, कडांना नाही, नाहीतर पदर मिटतात. हे शेवटचं वाक्य तिनं कधी कुणाला सांगितलंच नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं. तिच्या हाताकडे बघताना दिसलं म्हणून मी विचारलं.

सगळ्याचा व्हिडिओ काढला, मापं एका शीटमध्ये टाकली, मुलींना लिंक दिली. धाकटीनं तिकडे पुण्यात करून फोटो पाठवला. मावशीनं फोटो मोठा करून बघितला आणि निर्णय दिला : "पदर सुटलेत. आच जरा मोठी होती."

दुसरी गोष्ट भावाची. मी तिचे तास मोजले. मळण्यापासून डबा भरेपर्यंत. मग ती आतापर्यंत लावत होती तो दर बघितला. त्यात तूप होतं, मैदा होता, गॅस होता. तिचा वेळ शून्य रुपये. बकलाव्याच्या बॉक्सला आपण मुकाट हजार रुपये देतो आणि घरगुती चिरोट्यांना "ताई, थोडं कमी करा ना" म्हणतो. यंदा तिनं दर वाढवलाय, आणि लाटायला शेजारची एक मुलगी पगारावर ठेवलीय. ती मुलगी शिकतेय. मला सगळ्यात जास्त आनंद याचा आहे, कारण आता दोन मनगटं झाली.

बॉक्स घेताना काय बघायचं

बकलाव्याविरुद्ध माझं काहीच नाही, मी आवडीनं खातो. पण घेताना थोडं बघा.

पहिलं, मागचं लेबल वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहिणं बंधनकारक आहे. सुरुवातीलाच साखर आणि वनस्पती तेल, आणि पिस्ता कुठेतरी तळाशी, असं असेल तर तुम्ही काय विकत घेताय ते समजून घ्या.

दुसरं, हिरव्या रंगाला भुलू नका. आपल्याकडे पिस्ता जवळपास सगळा आयात होतो, महाग असतो, म्हणून भेसळ होते. नागपुरात काही वर्षांपूर्वी शेंगदाण्याला हिरवा रंग देऊन पिस्ता म्हणून विकण्याचा प्रकार पोलिसांनी पकडला होता. खरा पिस्ता सगळीकडे एकसारखा पोपटी नसतो. पिवळट, हिरवट, मध्येच जांभळट सालीचे ठिपके असे मिश्र रंग दिसतात. यात फसवणुकीपलीकडचाही धोका आहे. ज्यांना शेंगदाण्याची ॲलर्जी आहे त्यांच्यासाठी हा जिवाशी खेळ.

तिसरं, ऐका. ताज्या बकलाव्यात काटा किंवा चमचा घातला की पदर मोडल्याचा आवाज यायला हवा. तळाशी पाकाचं तळं नको. आणि एक तुर्की सवय करून बघा : तुकडा उलटा करून तोंडात घाला, म्हणजे पाकातला भाग टाळूला लागतो.

फ्रिजमध्ये ठेवू नका, तूप थिजतं आणि कुरकुरीतपणा जातो. हवाबंद डब्यात, बाहेर. चिरोट्यांनाही हेच लागू.

जाता जाता

या भागातून एक काम घेऊन जा. तुमच्या घरात असा एखादा पदार्थ असेल जो फक्त एकाच माणसाला जमतो. आजीचे अनारसे, आत्याच्या साट्याच्या करंज्या, काकूंची पुरणपोळी. फोन तुमच्या हातात आहेच. येत्या रविवारी तो ओट्यावर उभा करा, वजनकाटा ठेवा आणि रेकॉर्ड बटण दाबा. 'किती?' एवढं विचारून थांबू नका. 'कसं कळलं?' हेही विचारा. खरी माहिती त्या उत्तरात असते.

आणि ते रेकॉर्डिंग दोन ठिकाणी सेव्ह करा. हे मी इंजिनिअर म्हणून सांगतोय.

तुमच्या घरचा साटा कशाचा, तांदळाच्या पिठीचा की कॉर्नफ्लोअरचा? चिरोटे पाकातले की पिठीसाखरेचे? व्हॉइस नोट पाठवा, निवडक नोट्स पुढच्या भागात ऐकवू. पाकातले की कोरडे यावर आमच्या घरात आजवर एकमत झालेलं नाही, तेव्हा तुमचं मत इथे उपयोगी पडेल.

भेटूया पुढच्या भागात. तोवर खा, ऐका, आणि करणाऱ्याला त्याचे पूर्ण पैसे द्या.